तीन दिवसांचे बँकॉक : यादी, ऊन आणि नदी

उष्ण कटिबंधातील एखाद्या मोठ्या शहराची छोटी सहल आखताना पहिला प्रश्न बहुधा ‘काय काय पाहायचे’ हाच विचारला जातो आणि त्याचे उत्तर म्हणून प्रेक्षणीय स्थळांची एक यादी तयार होते. परंतु ज्या शहरात सकाळचे दहा वाजताच उघड्या अंगणातली फरशी तापू लागते, वर्षातले पाच-सहा महिने दुपारनंतर केव्हाही पाऊस कोसळू शकतो आणि मोटारीतून अंतर किलोमीटरवर नव्हे तर कोंडीवर ठरते, त्या शहरात ‘केव्हा’ आणि ‘कोणत्या मार्गाने’ हे प्रश्न यादीइतकेच महत्त्वाचे ठरतात. थायलंडची राजधानी बँकॉक हे याचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रातून निघणाऱ्या सहलींत बँकॉक आणि पट्टाया ही जोडी इतकी रूढ झाली आहे की, मुंबईहून जेमतेम साडेचार तासांच्या विमानप्रवासावर असलेल्या या शहराच्या वाट्याला पुष्कळदा एकच दिवस येतो, आणि त्यातलाही बराचसा भाग बसमध्ये जातो. पुढील संवादात या नियोजनासंबंधीच्या दोन भूमिका दोन व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत: मामा हे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असून त्यांची भाची नगररचनेच्या क्षेत्रात काम करणारी वास्तुविशारद आहे. पट्टाया दोघांनीही आधीच बाजूला ठेवले असून हाती पूर्ण तीन दिवस आहेत, एवढे गृहीत धरावे.

मामांची भूमिका अशी की, शहराचा अर्थ ज्या वास्तूंत साठवलेला आहे त्या वास्तू टाळून शहर पाहिले असे म्हणता येत नाही, म्हणून यादी आधी आणि सोय नंतर. “बँकॉकची राजधानी म्हणून स्थापना १७८२ साली झाली,” ते म्हणतात, “पण ती एका उद्ध्वस्त नगरीची पुनर्रचना होती, हे समजल्याशिवाय राजवाड्यातले सोने नुसते सोनेच राहते. अयुत्थया ही जुनी राजधानी १३५० साली वसली, तीन नद्यांच्या वेढ्यात चारशेहून अधिक वर्षे नांदली आणि १७६७ साली ब्रह्मी सैन्याने ती जाळली. त्यानंतर ताकसिन राजाने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरी येथे राजधानी केली; आणि चक्री घराण्याचा पहिला राजा, ज्याला पहिला राम म्हणतात, त्याने ती पूर्व काठावर नेली. तिथे आधीपासून राहत असलेल्या चिनी व्यापाऱ्यांना दक्षिणेकडे साम्पेंगला हलवण्यात आले, आणि नदी व कालवे यांनी वेढलेले एक बेट तयार झाले, कारण अयुत्थयाही बेटच होती. तेव्हा पहिला दिवस अयुत्थयेला द्यायचा. मूळ पाहिल्यावर मग प्रतिकृती.”

भाचीला हा इतिहास मान्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. “मामा, अयुत्थया बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. आगगाडीने जायला दीड ते दोन तास, यायला तितकेच, आणि मधला सगळा वेळ उघड्यावर पसरलेल्या विटांच्या अवशेषांत. तिथे सावली फार थोडी आहे. तीन दिवसांतला एक दिवस जातोच, पण दुसऱ्या दिवशीची सकाळही थकव्यात जाते, आणि या शहरात सकाळ हाच सगळ्यांत मोलाचा प्रहर असतो. शिवाय अयुत्थयेच्या पडक्या इमारतींच्या विटा नदीमार्गे खाली आणून बँकॉकच्या बांधकामात वापरल्या गेल्या, हे तुम्हीच शिकवलेले आहे. मग अयुत्थयाच बँकॉकमध्ये आलेली असताना तिच्याकडे कशाला जायचे?”

“त्या विटा दिसत नाहीत,” मामा म्हणतात. “त्या गिलाव्याखाली आहेत.”

या उत्तराला भाचीकडे लगेच तोड नाही, आणि ती नसावी हे योग्यच आहे. कारण एखादी गोष्ट अस्तित्वात असणे आणि ती पाहणाऱ्याला जाणवणे यांत फरक असतो, आणि सहलीचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी असतो. तिचे उत्तर बऱ्याच वेळाने, वेगळ्याच संदर्भात येते. तूर्त ती चर्चा हवामानाकडे वळवते.

थायलंडमध्ये वर्षाचे तीन ऋतू मानले जातात: साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात थंड काळ, मार्च ते मेच्या मध्यापर्यंत उन्हाळा आणि त्यापुढे ऑक्टोबरपर्यंत पावसाळा. भाचीच्या मते मराठी कुटुंबांच्या सुट्ट्या नेमक्या या पंचांगाच्या विरुद्ध पडतात. शाळांची उन्हाळी सुट्टी म्हणजे तिथला सर्वांत तापलेला काळ आणि त्याला लागून येणारा पावसाचा आरंभ. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये आली तर पावसाळ्याची अखेर. मुंबईचा पाऊस जुलैत सर्वाधिक असतो, तर बँकॉकचा सप्टेंबरात, त्यामुळे ‘दिवाळीपर्यंत पाऊस संपलेला असतो’ हा इथला अनुभव तिथे लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा सुखद असते, पण गर्दी आणि दर दोन्ही वाढलेले असतात. त्याशिवाय डिसेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण वाढते आणि दमा असणाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. एप्रिलच्या मध्यावर, १३ ते १५ तारखांना, सोंगक्रान हा नववर्षाचा सण येतो, तेव्हा रस्त्यावर निघालेला माणूस कोरडा घरी परतत नाही. ज्याला पाण्याचा खेळ आवडतो त्याने तेव्हा अवश्य जावे, पण वास्तू पाहण्याचा हेतू असेल तर हा आठवडा टाळावा.

मामांना ऋतूंची ही चर्चा नियोजनाची तांत्रिक बाब वाटत होती, परंतु इथे तेच तिला इतिहासाची जोड देतात. राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओ या मंदिरात (‘वाट’ म्हणजे बौद्ध विहार आणि मंदिरे यांचे एकत्र संकुल) हिरव्या दगडाची जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीची बुद्धमूर्ती उंच आसनावर आहे. तिला पाचूबुद्ध म्हणतात, परंतु दगड पाचू नसून जेड जातीचा मानला जातो. या मूर्तीला उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांसाठी तीन वेगवेगळे सोन्याचे पोशाख आहेत. त्यांतले पहिले दोन पहिल्या रामाने आणि हिवाळ्याचा तिसऱ्या रामाने करवून घेतला, आणि ऋतू पालटताना ते बदलण्याचा विधी राजाच्या हस्ते होतो. “म्हणजे ऋतू पाहून बेत आखणे हे तिथल्या राजधर्मातच आहे,” मामा म्हणतात, आणि भाचीचा मुद्दा त्यांनी मान्य केल्याची ही पहिली खूण आहे.

याच मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांतील भित्तिचित्रांवर दोघांचे सर्वाधिक एकमत आणि सर्वाधिक भांडणही होते. मंदिराला वेढणाऱ्या या ओवरीच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे रामायणाचे थाई रूप, १७८ चौकटींत रंगवलेले आहे. मराठी वाचकाला यातली पात्रे ओळखीची वाटतील, पण त्यांचे वागणे तसे वाटेलच असे नाही. इथला हनुमान शुभ्र वर्णाचा, लढवय्या आणि रसिक आहे; सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येचा, सुवन्नमच्छेचा, तो पाठलाग करतो आणि तिच्या प्रेमात पडतो, आणि ती रावणाची, म्हणजे थाई कथेतल्या तोसकानाची, मुलगी आहे. समर्थांनी स्थापन केलेल्या मारुतींपुढे वाढलेल्या मनाला हे प्रथम खटकते. दुसऱ्या एका प्रसंगात तो पर्वताएवढा होऊन रामाचा मंडप आपल्या मुखात धरून राखतो. झोपेची भूल टाकून रामाला पळवायला आलेला मैयराब म्हणजे आपल्याकडच्या कथांतला महिरावण. “या ओवरीला किमान दोन तास हवेत,” मामा म्हणतात, “आणि सहल कंपन्या तिला दहा मिनिटे देतात.”

“दोन तास मिळतील,” भाची म्हणते, “पण क्रम उलटा करावा लागेल. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो. गर्दीचा लोंढा ओवरीपाशी रेंगाळतो आणि नंतर उघड्या अंगणात जातो, तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते. आपण आधी उघडी अंगणे, स्तूप आणि मूर्ती पाहून घ्यायची, आणि ओवरीला छत असल्यामुळे तिथे नंतर सावलीत चालत चित्रे पाहायची. यादी तुमचीच राहील. फक्त सावली कुठे आहे ते पाहून तिचा क्रम लावायचा.” अशा तपशिलांनीच तीन दिवसांची सहल सुसह्य किंवा असह्य होते. खांदे व गुडघे झाकणारे कपडे हा तिथला काटेकोर नियम आहे, तेव्हा सुती, सैल आणि पूर्ण लांबीचे कपडे हीच उन्हासाठी आणि मंदिरासाठी एकत्र सोय होय. राजवाड्याच्या आसपास कुणी अगत्याने येऊन ‘आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो’ असे सांगू लागले तर त्याच्याबरोबर जाऊ नये. प्रवाशाला टुकटुकमध्ये बसवून रत्ने किंवा शिवलेले कपडे विकणाऱ्या दुकानांत नेण्याची ही जुनी युक्ती आहे.

वाट फो राजवाड्याला लागूनच दक्षिणेला आहे. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच असून एका लांबोड्या सभागृहात तो इतका दाटून बसवला आहे की, संपूर्ण मूर्ती एका नजरेत कुठूनच मावत नाही. खांबांच्या मधल्या फटींतून खांदा, मग कोपर, मग गुडघा असे तुकडे जोडत जावे लागते आणि शेवटी तळव्यांपाशी पोचल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर शिंपल्याच्या तुकड्यांनी जडवलेली १०८ मंगलचिन्हे चौकटी-चौकटीत दिसतात. मामांच्या दृष्टीने मात्र वाट फोचे खरे वैभव भिंतींतल्या शिलालेखांत आहे. तिसऱ्या रामाने १८३० च्या दशकात वैद्यक, मर्दन, काव्य, इतिहास अशा विषयांतले ज्ञान दगडांवर कोरवून सर्वांसाठी उघड्यावर लावले, आणि २०११ साली युनेस्कोने या शिलालेखांचा जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत समावेश केला. ग्रंथालय नसलेल्या काळातले हे जनतेचे ग्रंथालय होते. सभागृहाला छत आहे, प्रांगणात झाडे आहेत, म्हणून राजवाड्यानंतरची दुपार इथे घालवण्यास भाचीची हरकत नाही. पारंपरिक थाई मर्दनाची शाळाही याच आवारात असल्याने थकलेल्या पायांची व्यवस्थाही होते.

पलीकडच्या काठावरील वाट अरुणबद्दल मात्र मतभेद होतो. याचा मुख्य प्रांग, म्हणजे ख्मेर शैलीतला, मक्याच्या कणसासारखा वर निमुळता होत गेलेला मनोरा, चिनी मातीच्या भांड्यांच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेला आहे. चीनहून येणाऱ्या जहाजांत तोल राखण्यासाठी भरलेली भांडी या कामी आली. बहुतेक प्रवासी संध्याकाळी पूर्व काठावरच्या उपाहारगृहांत बसून त्याच्यामागे मावळणारा सूर्य पाहतात. मामांचा आग्रह सकाळचा आहे: पूर्वेकडून येणारे कोवळे ऊन नदी ओलांडून थेट त्या तुकड्यांवर पडते तेव्हाच त्यांतली फुले आणि पाकळ्या वेगळ्या दिसतात, संध्याकाळी तर नुसती काळी आकृती उरते. भाची यावर वाद घालत नाही. पायऱ्या उंच आणि उघड्या असल्यामुळे सकाळची वेळ तिच्या हिशेबातही बसते. फक्त राजवाडा आणि वाट अरुण या दोघांनाही सकाळच हवी असल्याने त्यांना दोन वेगळे दिवस द्यावे लागतात, इतकेच. घाईने एका सकाळीत दोन्ही उरकण्याची जी पद्धत पडली आहे तिचे समर्थन कोणत्याही बाजूने करता येत नाही.

मार्गांच्या प्रश्नावर भाची अधिक ठाम आहे. वातानुकूलित मोटार आणि माहितगार वाटाड्या दिवसभरासाठी ठरवावा, असे मामांचे म्हणणे. वयाचा विचार करता ते अवाजवी नाही. “पण हे शहर रस्त्यांवर उभे राहिलेलेच नाही, मामा. पहिला आधुनिक रस्ता, चारोएन क्रुंग, १८६४ साली पुरा झाला. त्याआधी ऐंशी वर्षे ख्लोंग, म्हणजे कालवे, हेच रस्ते होते आणि नदी हा राजमार्ग. वाट अरुणचे तोंड नदीकडे आहे ते त्यामुळेच. मोटारीने जाणारा माणूस प्रत्येक वास्तूच्या पाठीमागून आत शिरतो.” केशरी निशाण लावलेली प्रवासी होडी चाओ फ्रायावर सर्वसामान्य नोकरदारांना घेऊन ये-जा करते आणि थोड्या बाहतमध्ये जुन्या शहराचे बहुतेक धक्के जोडते. उंचावरून धावणारी रेल्वे डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाली, तिचे साफान ताकसिन स्थानक धक्क्याला लागून आहे. आणि २०१९ साली भुयारी रेल्वेचा मार्ग जुन्या शहरात व नदीखालून पलीकडे गेल्यापासून सनाम चाई स्थानकावरून वाट फो चालत गाठता येतो. ऊन असह्य झाल्यास जमिनीखाली शिरावे आणि हवा निवली की पाण्यावर यावे, हा भाचीचा साधा नियम आहे.

तिला सगळ्यांत प्रिय आहे तो सेन सेप कालवा. तिसऱ्या रामाच्या काळात, १८३७ पासून, पूर्वेकडच्या युद्धासाठी सैन्य व रसद नेण्याकरिता तो खोदला गेला आणि आज त्यावर अरुंद, वेगवान होड्या धावतात. समोरून दुसरी होडी आली की गढूळ पाणी उसळते. तेव्हा कडेला बसलेला प्रवासी डोक्यावरची दोरी ओढतो आणि बाजूचा प्लॅस्टिकचा पडदा वर येतो, धक्का जवळ आला की तोच दोरी सोडून देतो. तिकीट देणारा माणूस होडीच्या बाहेरच्या काठावरून चालतो. या मार्गाचे पश्चिमेकडचे टोक सुवर्णटेकडीच्या जवळ आहे. ती टेकडीही मानवनिर्मित होय: तिसऱ्या रामाने तिथे मोठा स्तूप बांधायला घेतला, पण बँकॉकची मऊ चिकणमाती तो भार पेलू शकली नाही आणि बांधकाम खचले, पुढच्या राजांच्या काळात त्याच ढिगाऱ्यावर टेकडी आणि स्तूप पुरा झाला. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे १८९८ साली सापडलेले, बुद्धाचे मानले जाणारे अस्थिअवशेष ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने सयामच्या राजाला दिले, ते इथे ठेवलेले आहेत.

याच कालव्याच्या काठी जिम थॉम्पसन या अमेरिकी रेशीम व्यापाऱ्याचे घर आहे. जुनी सागवानी थाई घरे सुटी करून, नदी-कालव्यांतून आणून, १९५९ मध्ये त्याने ती इथे पुन्हा जोडली. १९६७ साली मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये फिरायला गेलेला हा माणूस परत आला नाही, घर मात्र संग्रहालय म्हणून टिकले. त्या घरांपैकी काही अयुत्थयेकडून आणलेली आहेत. भाचीचे राहून गेलेले उत्तर ते हेच: “विटा गिलाव्याखाली असतील, मामा; पण हे लाकूड उघडे आहे. आतल्या बाजूला कललेल्या भिंती, ओलांडून जावे लागणारे उंच उंबरे, जमिनीपासून वर उचललेला मजला, सगळे हाताच्या अंतरावर. अयुत्थयेचा सामान्य माणूस कसा राहत असेल ते पडक्या मंदिरांपेक्षा इथे अधिक कळते.” मामा या उत्तराने विचारात पडतात, पण माघार घेत नाहीत, राजधानीचा नाश कसा असतो हे घरातून कळत नाही, असे त्यांचे म्हणणे राहते, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे.

तरंगत्या बाजाराचा विषय लवकर मिटतो. दामनोएन सादुआक सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि आता तो बव्हंशी प्रवाशांसाठीच भरतो. तीन दिवसांत त्याला जागा नाही. मोठ्या बाजारसंकुलांना दुपारच्या विसाव्यापलीकडे महत्त्व देण्याची गरज दोघांनाही वाटत नाही.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी कुटुंबाने थोडी पूर्वतयारी करावी, कारण भाज्यांच्या पदार्थांतही नाम प्ला, म्हणजे माशांपासून केलेला खारट रस, किंवा कोळंबीचा खर्डा असतो. नुसते ‘मांस नको’ म्हणणे पुरत नाही. ‘जे’ हा शब्द सांगावा. चिनी-थाई परंपरेतील हे व्रताचे अन्न असून त्यात मांस, मासे, अंडी यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या घरांना ते ओळखीचे वाटेल. लाल अक्षरांची पिवळी पताका ही त्याची खूण. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत या व्रताचा उत्सव होतो आणि तो बहुधा आपल्या शारदीय नवरात्रातच येतो. त्या दिवसांत याओवारात या चिनी वस्तीतला रस्ता पिवळ्या पताकांनी भरतो, आणि सिलोम भागातल्या तमिळांनी उभारलेल्या मारियम्मनच्या देवळातही नवरात्र साजरे होत असते. एरवी सोमवारी रस्त्यावरचे पुष्कळ विक्रेते सुट्टी घेतात, म्हणून याओवारातची संध्याकाळ सोमवारी ठेवू नये. सोमवारी आणि मंगळवारी राष्ट्रीय संग्रहालयही बंद असते, आणि चातुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारीच पुरा भरतो. यावरून गुरुवार ते शनिवार हे तीन दिवस सर्वांत सोयीचे, असा भाचीचा निष्कर्ष आहे.

अखेरीस बेत ठरतो तो असा. पहिल्या सकाळी राजवाडा व ओवरी, दुपारी वाट फो, आणि होडीने परत. दुसऱ्या सकाळी वाट अरुण, नंतर नदी ओलांडून राष्ट्रीय संग्रहालय, ऊन उतरल्यावर सुवर्णटेकडी आणि रात्री याओवारात. वाटेत महाझुल्याजवळचे ब्राह्मणांचे देवस्थान पाहावे, हा मामांचा आग्रह: १७८४ साली बांधलेल्या या मंदिरांत शिव, विष्णू आणि गणपती आहेत, थाई राजदरबारचे विधी करणारे पुरोहित आजही तिथलेच, आणि ज्या देशात ललितकला विभागाच्या बोधचिन्हावर गणपती आहे तिथे जाऊन त्याचे जुने स्थान न पाहणे मराठी माणसाला शोभत नाही. तिसरा दिवस दोन पर्यायांचा. हवा थंड असेल तर पहाटेच्या गाडीने अयुत्थया आणि दुपारपर्यंत परत. नसेल तर सेन सेपची होडी, जिम थॉम्पसनचे घर आणि संध्याकाळी लुम्फिनी उद्यान. एप्रिलमध्ये अयुत्थया नाही, हे मामांनीही मान्य केले.

ऑक्टोबरबद्दल मात्र एकमत झालेले नाही. मामांच्या मते नदी भरून वाहत असताना, धक्क्यांच्या फळ्यांना पाणी लागलेले असताना हे शहर बेट म्हणून का वसवले गेले ते दिसते, आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्याने ती संधी सोडू नये. भाचीचे उत्तर २०११ च्या पुराचे आहे: त्या ऑक्टोबरात अयुत्थया पाण्याखाली गेली होती आणि बँकॉकचा दॉन मुआंग विमानतळ कित्येक महिने बंद राहिला, इतके दरवर्षी होत नाही, परंतु समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम दीड मीटर उंच असलेल्या शहरात त्या महिन्यात जायचे तर एक दिवस मोकळा राखावा, आणि तीन दिवसांच्या सहलीत मोकळा राखायला दिवस नसतो. ऑक्टोबरच हवा असेल तर दिवस चार करावेत, ही तिची अट आहे. आणि चौथा दिवस मिळाला तर तो अयुत्थयेलाच जाईल, ही मामांची.